भागीरथीबाईंच्या हातचा तांदूळ

जगूभाऊ कच्चा तांदूळ चावून तो कोणत्या बाईनं सडला ते सांगायचे.

थट्टा करत नाही. नालासोपाऱ्याला स्टेशनच्या पश्चिमेला त्यांचं ‘सकसान्न भांडार’ होतं. विरारपलीकडच्या चांदीप गावाहून हातसडीच्या तांदळाची पोती आली की जगूभाऊ हात धुवायचे, खळखळून चूळ भरायचे, एकेका पोत्याचं तोंड सोडून चार दाणे उचलायचे आणि डोळे मिटून चावायला लागायचे. गिऱ्हाइकं पिशव्या धरून गप्प उभी. मग जगूभाऊ डोळे उघडून म्हणायचे, “पार्वतीबाई. रागात होती, कणी जास्त पडलीये.” दुसरं पोतं. “ही जनाबाई. हिला घरी जायची घाई. टरफल राहतंय.” तिसरं पोतं. “ही परत पार्वतीबाई, पण सकाळची. सकाळी तिचा हात चांगला असतो.”

आणि ते बरोबर असायचं! चांदीपला जाऊन पोती मीच आणायचे. कोणतं पोतं कोणाच्या उखळातलं ते मला ठाऊक असायचं. दहात आठ वेळा जगूभाऊंचा नेम चुकत नसे, आणि उरलेल्या दोन वेळा मलाच वाटायचं की पोती बांधताना माझी काहीतरी अदलाबदल झाली असेल.

मी म्हणजे त्यांच्या तुळिंजच्या दुकानात बसणारी कुसुम. लग्न होऊन स्टेशनच्या पूर्वेला तुळिंजला आले तेव्हा तिथं चार चाळी, एक विहीर आणि नजर पोचेल तिथपर्यंत भातशेती होती. आमचे हे वसईच्या एका कारखान्यात. आणीबाणी उठली त्या सुमारास जगूभाऊंनी तुळिंजला दुसरं दुकान काढायचं ठरवलं आणि ह्यांना विचारलं, “ओळखीत कोणी प्रामाणिक माणूस आहे का?” ह्यांनी माझं नाव सांगितलं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

जगूभाऊ जवळच्याच गास गावचे. बागायतदार घराणं. केळी, पानवेल, फुलं. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाकडे अर्धं घर गेलं, अर्धं ह्यांच्याकडे राहिलं. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारली, हे मला इतरांकडून कळलं. त्यांनी कधी तो विषय काढला नाही आणि दुसरं लग्नही केलं नाही. मी पाहिले तेव्हा पन्नाशीला आलेले, काटकुळे, पांढरा लेंगा आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा. कपाळावर तीन आठ्या. दोन कायमच्या आणि तिसरी त्या त्या दिवसाची.

“माझा जीव खाली-वर होतो हो, वहिनी,” हे त्यांचं पालुपद. साखर बघितली की जीव खाली-वर. “एवढी पांढरी कशानं केली असेल?” हळद पिवळीधमक दिसली की जीव खाली-वर. डाळीला चकाकी असली तर व्यापाऱ्याला डाळीसकट दारातून परत पाठवायचे. धान्यात टोका सापडला तर मात्र चेहरा खुलायचा. बोटावर घेऊन गिऱ्हाइकाला दाखवायचे, “बघा, ह्यानं खाल्लंय आणि जिवंत आहे. आता तुम्ही बिनघोर न्या.” बरीचशी गिऱ्हाइकं न्यायची नाहीत.

माल विकून त्यांचं भागत नसे. गिऱ्हाइकाच्या घरात पुढं त्याचं काय होतं ह्याची त्यांना घोर काळजी. एकदा तुळिंजला नवीन झालेल्या बिल्डिंगीत एका बाईंकडे तांदूळ पोचवायला आम्ही दोघं गेलो. जगूभाऊंनी दारातच विचारलं, “तांदूळ किती पाण्यानं धुता?” बाई अभिमानानं म्हणाल्या, “तीन.” जगूभाऊ जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. “तीन! म्हणजे सगळा कस मोरीत. तुमची मोरी धष्टपुष्ट होईल बाई, पोरं तशीच राहतील.” मला वाटलं आता ही बाई दार लावून घेणार. तर ती पदराला हात पुसत म्हणाली, “मग कितीदा धुवू?” तिथून पुढं त्या बिल्डिंगीतली अकराच्या अकरा बिऱ्हाडं आमच्याकडे यायला लागली. माणसं जेवढी नवी, तेवढी भेदरलेली होती. गाव सुटलेलं, कोणाचं दूध, कोणाचं तेल, काहीच ओळखीचं नाही. त्यांना जगूभाऊंची काळजी पाहून धीर यायचा.

मग विरारला तिसरं दुकान निघालं. लाकडी घाण्याचं तेल, काळा गूळ, नाचणी, वाल, गासच्या राजेळी केळ्यांची सुकेळी, आणि सगळ्यात मानाचा हातसडीचा तांदूळ. तो सडायच्या चांदीपच्या सात बायका, आणि त्यांची म्होरकी पार्वतीबाई.

तिन्ही दुकानं वाढत्या मागणीनं फुगली, बायका मात्र सातच राहिल्या. आता माझ्या पापाकडे येते.

गणपतीच्या आधीचे दिवस. मी विरारहून एसटीनं चांदीपला गेले. पार्वतीबाईनं दोन्ही हात माझ्यापुढं उघडले. तळव्यांवर फोड, त्यातले दोन फुटलेले. बाकीच्या बायकांनीही एकेक करून हात पुढं केले, शाळेत नखं दाखवतात तसे.

“वैनी, आता मुसल उचलत नाय,” पार्वतीबाई म्हणाली. “तीन दुकानांना सात बाया कुठं पुरनार? गावात गिरन आलीय भाताची. मी त्याला सांगून पातं सैल करून घेतलं. एकदाच फिरवलं. कोंडा बगा, तसाच हाय तांदलावर.”

पाहिलं तर खरंच तांबूस, कोंड्यासकट, सुरेख तांदूळ होता. खाणाऱ्याचं काही नुकसान नव्हतं. फक्त हात नव्हता. आणि दुकानाबाहेर पाटीवर जगूभाऊंनी स्वतः लिहून घेतलं होतं: ‘हातसडीचा. खोटा निघाल्यास दुकान बंद करीन.’ ते बंद करतील ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तिन्ही दुकानं, सात बायकांचं काम, माझं काम, सगळं त्या पोत्यावर उभं होतं. पोतं घेऊन मी परतीच्या एसटीत बसले.

दुकानात गर्दी. जगूभाऊंनी हात धुतले, चूळ भरली, दाणे तोंडात टाकले. चावले. पुन्हा चावले. आणखी चार दाणे घेतले. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“वहिनी, ही नवी बाई कोण?”

“अं?”

“हात किती एकसारखा आहे! कुठं घाई नाही, कुठं राग नाही, कुठं कंटाळा नाही. एकसुद्धा दाणा दुखावलेला नाही. तीस वर्षांत असा हात बघितला नाही मी. कोण ही?”

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या समोर देवाच्या फळीवर त्यांनी काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “भागीरथी. भागीरथीबाई म्हणून आहेत.”

“भागीरथीबाई,” जगूभाऊ म्हणाले आणि कपाळावरची तिसरी आठी गेली.

संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी चौकशी सुरू केली. घरी कोण कोण असतं? मी विचार केला, खोट्यात माणसं जितकी कमी तितकं लक्षात ठेवायला सोपं. “कोणी नाही. नवरा गेला. मूलबाळ नाही.” वय? “असेल तुमच्याएवढं.” स्वभाव? “शांत.” ते म्हणाले, “ते कळलंच मला दाण्यावरून.” मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेले. बिनमाणसांची बाई उभी करून मी केवढा घोटाळा केला होता ते मला कळायचं होतं.

आठवड्याभरात त्यांनी गिऱ्हाइकांना भागीरथीबाईंची गोष्ट सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांनी शेजाऱ्यांना सांगितली. ‘तो भागीरथीचा द्या’ असं म्हणत बायका येऊ लागल्या. जगूभाऊंनी रंगाऱ्याला बोलावून पहिलीच्या खाली आणखी एक पाटी रंगवून घेतली: ‘भागीरथीबाईंच्या हातचा तांदूळ मिळेल.’ वर्षा-दोन वर्षांत वसईला चौथं आणि आगाशीला पाचवं दुकान उघडलं. उद्घाटनाला त्यांनी भागीरथीबाईंनी यावं असा आग्रह धरला. मी सांगितलं, त्यांना एसटी लागते.

दर फेरीला माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी काहीतरी असायचं. हाताला लावायला खोबरेल. सुकेळीचा पुडा. पावसाळ्यात सुंठ. आणि निरोप. “भागीरथीबाईंना विचारा, दुपारी थोडं पडता की नाही?” मी ते खोबरेल आणि सुंठ चांदीपच्या बायकांत वाटून टाकायचे आणि येताना एसटीत बसून उत्तर जुळवायचे. सुरुवातीला उत्तरं छोटी असायची, ‘बऱ्या आहेत’, ‘आभार मानलेत’. पण तुळिंजच्या दुकानात पत्र्याखाली बसून माझा जीव उन्हाळ्यात नकोसा व्हायचा आणि जगूभाऊंना विजेचा पंखा म्हणजे प्रकृतीचा शत्रू वाटायचा. एकदा मी म्हणून बसले, “भागीरथीबाई म्हणत होत्या, दुकानात पंखा हवा. गूळ पाघळतो.” तिसऱ्या दिवशी पंखा लागला. मग स्टूल आलं. मग सोमवारची सुट्टी. मला शरम वाटायची, नाही असं नाही. पण पंखा चालू असला की ती जरा कमी वाटायची.

भीती मात्र कमी झाली नाही. चांदीपचं कोणी आलं आणि सहज बोलून गेलं तर? दिवाळीला त्यांनी स्वतः वसईच्या बाजारात जाऊन भागीरथीबाईंसाठी हिरवं लुगडं निवडलं होतं. दोन तास निवडत होते, असं कापडवाल्यानंच मला सांगितलं. मी ते पार्वतीबाईला दिलं. आणि एके दिवशी जगूभाऊ तुळिंजच्या दुकानात बसलेले असताना, तेच लुगडं नेसून, डोक्यावर वालाची टोपली घेऊन पार्वतीबाई दारात उभी!

जगूभाऊंची नजर पदरावर खिळली. “हे लुगडं...”

पार्वतीबाईनं टोपली शांतपणे खाली ठेवली. “भागीरथीनं दिलं. म्हने, येवढं भारी मी कुठं नेसनार? तू नेस.”

जगूभाऊंनी खाली ठेवलेली टोपली उगाच सरळ केली. मग म्हणाले, “स्वतः काही ठेवत नाही ना ती बाई? काहीच ठेवत नाही.” आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करून आत गेले. पार्वतीबाई मला कोपरानं ढोसून पुटपुटली, “वैनी, ह्यो मानूस लय चांगला हाय. आपन नरकात जानार.”

त्या दिवसानंतर त्यांच्या काळजीनं वेगळंच वळण घेतलं. पाचही दुकानांची पोती मुख्य दुकानात यायची आणि ते प्रत्येक पोतं चावून बघायचे. तोवर चांदीपची उखळं बंद पडून सगळाच तांदूळ गिरणीचा झाला होता. एका मंगळवारी आठ पोती आली. पहिलं चावलं, “भागीरथीबाई.” दुसरं, “भागीरथीबाई.” आठही झाली. ते पांढरेफटक पडले.

“वहिनी, आठच्या आठ? बाकीच्या सातजणी काय झोपा काढतात? एकटी बाई पाच दुकानांचं सडते? तिचे हात... माझा जीव खाली-वर होतोय वहिनी.”

मी घाईघाईनं सांगितलं की नवीन बायका घेतल्या आहेत. पुढच्या फेरीला पोती निराळ्या सुतळीनं बांधून आणली आणि म्हटलं, ही चंद्रभागाबाई, ही गोदाबाई. जगूभाऊंनी गोदाबाईला चावलं आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. “फसवताहेत तुम्हाला. ही भागीरथीबाईच. सगळ्याजणी मिळून तिच्यावर लोटतात आणि दुसऱ्यांची नावं सांगतात. गरीब बघून असंच करतात माणसं.”

मग त्यांनी जे केलं ते कोणत्या दुकानदारानं आजवर केलं नसेल. मागणी होती तेव्हा त्यांनी माल कमी केला. आठाची पाच पोती, पाचाची तीन. “बाईला विश्रांती मिळू दे.” गिऱ्हाईक पिशवी घेऊन आलं की हात जोडून सांगायचे, “ह्या आठवड्याला नाही. त्या दमल्यात.” पहिल्यांदा लोकांनी कौतुक केलं. पण कौतुकावर चूल पेटत नाही. तोवर तुळिंजला शेतं जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बिल्डिंगी झाल्या होत्या आणि खाली झगझगीत दुकानं. पिशवीत बंद केलेला, मोत्यासारखा पांढरा तांदूळ, वर बासमतीचं चित्र. तांदूळ तीन पाण्यांनी धुणारी ती बाईसुद्धा एकदा तसली पिशवी घेऊन आमच्या समोरून गेली. जाताना तिनं मान फिरवली.

आगाशीचं दुकान आधी बंद झालं. मग वसईचं. विरारला जगूभाऊंनी स्वतः कुलूप लावलं आणि मला म्हणाले, “एवढा भार कमी झाला तिचा.” मी रडकुंडीला आले. तिकडे चांदीपच्या बायका हात बांधून बसलेल्या. पावसाळा तोंडावर, आणि तांदूळ उचलणारं कोणी नाही. पार्वतीबाईनं मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सरळ मुद्द्यावर आली.

“वैनी, त्या भागीरथीला मारून टाका.”

“अगं काय बोलतेस?”

“ताप आला नि गेली म्हना. चार दिस रडतील. दोन दुकानांपुरतं आमी परत मुसल धरू, मंग सातजनींचा तांदुल घेतील का नाय? ती जित्ती हाय तवर आमी उपाशी.”

मी रात्रभर विचार केला आणि तिचं मला पटलं. दुसरा मार्गच नव्हता. खरं सांगितलं असतं तर पाटीवरच्या शब्दाला जागून त्यांनी उरलेली दोन दुकानंही बंद केली असती, आणि त्याहून वाईट म्हणजे तोंड दाखवायला मला जागा उरली नसती. दुसऱ्या दिवशी दुकान ह्यांच्यावर सोपवून मी टांग्यानं गासला निघाले. वाटेत तोंडातल्या तोंडात पाठ करत होते. ‘शुक्रवारी ताप भरला. रविवारी गेल्या. काही त्रास झाला नाही.’ पाठ करता करता मला खरंच रडू आलं. टांगेवाल्यानं मागं वळून विचारलं, “माहेरचं कोण गेलं काय?” मी म्हटलं, हो.

त्या भेटीनंतर दुकानांचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. पाट्या उतरल्या. जगूभाऊंनी नवी पाटी लिहून घेतली: ‘हा तांदूळ गिरणीचा आहे. पाते सैल ठेवून एकदाच फिरवलेला. आजवर हातसडीचा म्हणून विकला गेला, त्याबद्दल क्षमा असावी.’ तीन महिने ती पाटी लावून ते रोज दुकानात बसले. काही लोक वाचून हसले, काही भांडले, थोडे परत आले. मग त्यांनी शब्दाला जागून दोन्ही दुकानं बंद केली. चांदीपला मात्र पार्वतीबाईनं आणि बाकीच्यांनी मिळून ती गिरणच चालवायला घेतली. गिरणवाल्याशी बोलणी करायला जगूभाऊ स्वतः चार खेपा गेले होते.

तर गासला.

दुपारची वेळ. जगूभाऊ अंगणात, मांडवावर गवत पसरून त्यावर सोललेली राजेळी केळी उन्हात घातलेली, ती एकेक उलटत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. लगबगीनं आतून पाणी आणलं. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेले होते. ओट्यावरून आतलं स्वयंपाकघर दिसत होतं. एक पाट, एक ताट, एक तांब्या. बागेच्या कडेला एक सुटी खोली होती, तिला नुकताच चुना लावलेला. मला वाटलं कोठार केलं असेल.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “बरं झालं आलात वहिनी. मीच येणार होतो. पण दुकानात बोलण्यासारखं नव्हतं.”

ते पुन्हा केळी उलटायला लागले. माझ्याकडे न बघता बोलत होते.

“ती खोली बघितलीत? कौलं शेकारून घेतली. खिडकी बागेकडे काढली. भागीरथीबाईंना विचाराल का, इथं येऊन राहतील का म्हणून? तसलं काही मनात नाही माझ्या, देवाशपथ. भाऊ-भावजय ह्या भिंतीपलीकडेच आहेत, कोणाला बोलायला जागा नाही. मुसळाला हात लावायचा नाही. काहीच करायचं नाही, नुसतं राहायचं. दुकानं मी दोन्ही बंद करतो, त्यांना काळजी नको. काय आहे वहिनी, एका माणसाचा भात कधी नीट होत नाही. पाणी कमी पडतं नाहीतर जास्त होतं. एवढ्या वर्षांत मला जमला नाही. दोघांचा टाकला की होत असेल बरा.”

भागीरथीबाईंचं मरण माझ्या अगदी ओठांवर होतं. शुक्रवारी ताप, रविवारी गेल्या. एक वाक्य टाकलं असतं तर सगळ्यांची सुटका झाली असती. मी त्या पांढऱ्या खोलीकडे बघितलं आणि मला ते वाक्य बोलता येईना. चुना अजून ओला होता.

“जगूभाऊ,” मी म्हटलं, “भागीरथीबाई म्हणून कोणी नाही. चांदीपला भाताची गिरण आहे.”

त्यांनी हातातलं केळं उलटून ठेवलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

“पहिल्यापासून?”

“पहिल्या पोत्यापासून. बायकांचे हात फुटले होते. तुम्ही विचारलंत, ही बाई कोण, तेव्हा माझ्या तोंडाला येईल ते नाव मी घेतलं.”

“तो हात...”

“यंत्राचा.”

“आणि पंखा?”

“मला उकडायचं.”

मला वाटलं आता ते ओरडतील. ओरडावं असं मनापासून वाटत होतं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्यांना दुखावल्याचं इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. ते येऊन ओट्यावर बसले, माझ्यापासून दोन हात लांब.

“दोन वर्षांमागं मी तापानं पडलो होतो,” ते म्हणाले. “पाच-सहा दिवस घराबाहेर आलो नाही. तेव्हा तुम्ही टांगेवाल्याच्या हाती चिठ्ठी पाठवली होती. भागीरथीबाई विचारतात, तुम्हाला पेज कोण करून देतं?”

मला काही केल्या आठवेना. असल्या कितीतरी चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. मग अंधूक आठवलं. गिऱ्हाईक नव्हतं, पावसानं झोडपलं होतं आणि हा माणूस तिकडे एकटा पडला असेल असं मनात येऊन गेलं होतं. पण माझ्या नावानं तसं लिहिणं मला बरं दिसलं नव्हतं.

“त्या आठवड्यात चांदीपला कोणी गेलं होतं?”

“नाही. पुराचं पाणी होतं रस्त्यावर.”

“म्हणजे तुम्हीच विचारलंत.”

“हो.”

“मनापासून?”

“हो, जगूभाऊ.”

त्यांनी मान हलवली. “ही गेल्यापासून मला ते कोणी विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “मी उत्तर पाठवलं होतं, पेज शेजारून येते म्हणून. येत नव्हती.”

पलीकडच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांच्याकडची जेवणं झाली असावीत.

“आज जेवलात?” मी विचारलं.

“टाकायचाय अजून भात.”

मी उठले, पदर खोचला आणि त्यांना न विचारता आत गेले. तांदळाचा डबा शोधायला वेळ लागला नाही, कारण फळीवर बाकी फारसं काही नव्हतंच. चूल पेटवली आणि दोघांचा भात टाकला. तो शिजेपर्यंत जगूभाऊ ओट्यावर पाठमोरे बसून होते. मधून मधून सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत होते, म्हणून भात झाल्यावरही मी त्यांना लगेच हाक मारली नाही.